माळाची चिठ्ठी

आजोबा गेल्यावर वडील आणि काका वेगळे झाले. भांडण नव्हतं, दोघांचे संसार वाढले होते. पाताळगंगेच्या काठाला भाताची खाचरं होती आणि मोहोपाड्याच्या बाजूला माळ. माळावर नाचणी-वरीपलीकडं काही होत नसे. तुकडे पाडले तर कुणालाच पुरणार नाही, म्हणून गावकीनं चिठ्ठ्या टाकायचं ठरवलं. पोरीच्या हातानं देवच उचलतो म्हणे, तेव्हा मला पुढं केलं. मी अजून शाळेतही जात नव्हते. थोरल्याची, म्हणजे वडिलांची, चिठ्ठी आधी. मी उचलली ती माळाची.

"मेला हात तरी कसला गं तुझा!" आई म्हणाली. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. काका मात्र त्या वर्षी झोडणी झाल्यावर बैलगाडीतून आमच्या दारात भात टाकून गेले. पुढंही दरवर्षी टाकत राहिले. कुणी मागितलं नव्हतं. येताना खाली बघत यायचे, चोरी केल्यासारखे.

मग त्या भागात कारखाने आले. एकाला आमचा माळ लागला. पैसे मिळाले, शिवाय जमीन गेलेल्या घरातल्या एकाला नोकरी. वडील खाकी कपडे घालून गेटवर वॉचमन झाले. घरावर कौलं चढली. मी चौक गावच्या हायस्कुलात जाऊ लागले. माझ्याच वयाची काकांची मुलगी चौथीनंतर घरी बसली. आता गावातल्या बायका माझा हात हातात घेऊन बघत. "सोन्याचा हात गं बाय!" आईसुद्धा म्हणायची.

वडील तर वेगळंच सांगू लागले. "मी तवाच ओळखलं हुतं, माळाला दिस येनार. मानसाला नजर पायजे." ओट्यावर काका बसलेले असायचे. ते म्हणायचे, "व्हय दादा." मी आत चूल फुंकत ऐकायचे आणि माझे कान तापायचे.

एका पावसाळ्यात नदीनं बांध फोडला आणि काकांची खाचरं रेतीखाली गेली. ते ठेकेदाराच्या हाताखाली मजुरीला लागले. काम त्याच कारखान्यात होतं, नवी शेड बांधायचं.

एकदा मी वडिलांचा डबा घेऊन गेटवर गेले होते. पाळी सुटली होती. तार, बोल्ट चोरीला जायचे म्हणून मजुरांना झडती देऊनच बाहेर पडता येई. रांगेत काका होते, केसांवर सिमेंट. त्यांचा नंबर आला.

"हात वर," वडील म्हणाले.

काकांनी हात वर केले. वडिलांनी त्यांचा सदरा चाचपला, कंबर चाचपली. भाकरीचं फडकंसुद्धा सोडायला लावून झटकलं.

"जाऊ काय, दादा?"

"जा."

मी डबा घेऊन भिंतीच्या आड सरकत होते, तेवढ्यात काकांनी मला पाहिलं. हसले.

"जेवलीस काय गं?"

मी डब्याचं झाकण घट्ट करत राहिले.

घरी वडील म्हणाले, "भावाला सोडला तर बाकीचे काय म्हनतील?" तेही खरंच होतं. पण मग म्हणाले, "त्याला मी आधीच बोललो हुतो, नदीचा भरवसा नाय." असं ते कधीच बोलले नव्हते. आईनं त्यांचं ताट वाढलं. मी पाणी ठेवलं.

काकांच्या मुलीची हळद होती तेव्हा मी नुकतीच मास्तरीण झाले होते. काकीनं वाटी माझ्या पुढं केली. "पयली हळद तू लाव गं, तुज्या हाताला यश हाय." तिच्या मनात काही नव्हतं. मी हळद लावली, चुलतबहीण हसली, आणि मी मांडवामागं जाऊन उभी राहिले.

काका तिथं लाकडं फोडत होते. मी विचारलं, "काका, तुम्हाला माझा कधी राग नाही आला?"

त्यांना कळायला वेळ लागला. मग कुऱ्हाड टेकवून म्हणाले, "अगं येडे, तू दुसरी उचलली असतीस तर मी गेटावर असतो अन् दादा रांगेत. मी तर माझ्या नजरेबद्दल त्याच्याहून जास्त बोललो असतो."

मला हलकं वाटायला हवं होतं. उलट तोंड वर करवेना, कारण ते खोटं बोलत होते, माझ्यासाठी.

"जा, पानं मांडायला लाग," ते म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा कुऱ्हाड उचलली.