चेंडू अडवून मी उभी राहिले
परवा बुटांना तेल चोळताना त्या वासाने मला साउथहॅम्प्टनचं ओलं मैदान आठवलं. युनिव्हर्सिटीत मी बेसबॉल खेळायचे, पण लहानपणापासूनची सवय क्रिकेटची. आमचे हेडकोच आठवडाभर बंदरात क्रेन चालवायचे आणि रविवारी ग्लव्हजना तेल लावता लावता मला दर वेळी बजावायचे, "बॉल बॅटला लागला की पळायचं. क्रिकेटसारखं थांबायचं नाही." अठरा वर्षांत त्यांची टीम एकदाही फायनलला पोचली नव्हती, आणि रिटायर होण्याआधीची ही त्यांची शेवटची सेमीफायनल होती. एक रन हवा होता आणि शेवटची बॅटर मी. मी बॉल अलगद पायाशी अडवला, हात वर केला आणि "नो" म्हणून तिथेच उभी राहिले. मी पळून जिथे पोचायला हवं होतं त्या पहिल्या बेसवर समोरच्यांनी बॉल उचलून फेकला, मी आउट झाले आणि मॅच संपली. कॅप्टन तणतणत माझ्याकडे आला, तेव्हा कोच मध्ये येऊन शांतपणे म्हणाले, "तिला बोलू नकोस. हे शिकवायचं माझ्याकडून राहून गेलं." मग खाली बसून ते ग्लव्हज पिशवीत भरू लागले. आता एडिनबराच्या हॉस्पिटलमध्ये एखादा ज्युनियर डॉक्टर चुकला की सगळ्यांसमोर मीही तेच खोटं बोलायला बघते. त्यांच्याइतकं सहज अजून जमत नाही.