शिट्टीतला गंधार

नगरच्या छावणीतल्या शंभर वर्षांच्या जुन्या सभागृहाच्या नोंदवहीत डिसेंबर १९७२ मधल्या एका कार्यक्रमाखाली शेरा आहे : 'दमट हवेने पायपेटीचे सूर बिघडले. शिपायाची हयगय.' त्या साली पावसाळाच झाला नव्हता. विहिरींचे तळ उघडे पडले होते. दमट हवा आली कोठून, हे चिटणिसांना कोणी विचारले नाही. ज्याला खरे ठाऊक होते, त्या अजीजनेही नाही.

अजीज पेट्या दुरुस्त करी. भजनी मंडळांपासून नाटक कंपन्यांपर्यंत सगळे त्याच्याकडे येत. त्याच्या कानाची ख्याती होती आणि त्या ख्यातीचा त्याला तोराही होता. आपल्या गवयाचा षड्ज एकदा ठरला की मैफल संपेपर्यंत हलत नाही. त्या एका षड्जाला धरून अजीज बाकीचे सूर घासून असे गोड करी, की ऐकणाऱ्याने डोळे मिटावेत.

इटालियन ऑपेराची एक लहानशी मंडळी पुण्याहून नगरला यायची ठरली, तेव्हा सभागृहातला पियानो निकामी होऊन बरीच वर्षे झाली होती. उरली होती पायपेटी. मंडळींनी आधीच पाठवलेली बारा सुरांची गोल शिट्टी चिटणिसांनी अजीजच्या हाती दिली. "एकेक सूर हिच्याशीच जुळवा. मनाने काही करू नका."

बन्सी शिपाई पायाने भाता हलवायला बसला. अजीजने शिट्टीवरून षड्ज घेतला, मग गंधार फुंकला आणि तोंड वाकडे केले.

"चढा आहे. शिट्टीच बेसुरी."

"पर तिच्याशीच जुळवा म्हनलेत न्हवं चिटणीस?"

"तू भाता हलव. सुरांचं माझ्याकडे सोड."

"सोडलं," बन्सी म्हणाला. "माजं घरीबी कोन ऐकत न्हाई."

शिट्टी अजीजच्या खिशात गेली.

कार्यक्रमाला अजीज इस्त्रीचा सदरा घालून शेवटच्या रांगेत बसला. परत करायची म्हणून शिट्टी खिशात होतीच. गाणारी बाई चाळिशी ओलांडलेली होती. ती कोणाचा तरी निरोप घेते आहे, एवढेच त्याला उमगले. पहिले गाणे दृष्ट लागावी असे झाले. दुसऱ्यात मात्र गाता गाता षड्जच बदलला, एका घरातून उठून दुसऱ्या घरात जाऊन बसावे तसा. अजीजने ज्या घरासाठी सूर गोड केले होते, ते मागे राहिले. शिट्टीतला चढा गंधार प्रत्येक घरात चालावा म्हणूनच तसा बांधलेला होता, हे त्याला आता कळले. वादकाने तीन सूर एकदम दाबले, तशी पेटी कण्हू लागली. बाईने त्याच्याकडे पाहिले, पुन्हा सूर धरला, पुन्हा घसरली. पुढे कोणीतरी हसले. ते हसू रांगारांगांतून अजीजपर्यंत आले. बाईने वादकाला हाताने थांबवले आणि उरलेले गाणे जमिनीकडे पाहत एकटीने म्हटले.

पडद्यामागे चिटणीस बन्सीला फैलावर घेत होते. खिडकी उघडी राहिली, हवा लागली, असे त्यांचे म्हणणे.

"अजीजभाई, तुम्हीच सांगा, दमट हवेने सूर उतरतात की नाही?"

"उतरतात," अजीज म्हणाला.

हे खोटे नव्हते, म्हणूनच ते त्याला इतक्या सहज बोलता आले. बन्सीने त्याच्याकडे एकवार पाहिले आणि तो दिवे मालवायला गेला.

महिन्याभराने शमशादने, अजीजच्या बायकोने, बाजारात ऐकलेली बातमी सांगितली : बन्सीची नोकरी गेली, तो दुष्काळी कामावर खडी फोडतो आहे. ताटातली भाकर अर्धी टाकून अजीज उठला आणि थेट सभागृहात गेला. टेबलावर शिट्टी ठेवून त्याने सगळे सांगितले.

"नवा माणूस ठेवला आता," चिटणीस म्हणाले. "आणि हे वहीत लिहिलं, तर इथलं काम पुन्हा तुम्हाला मिळायचं नाही."

"लिहा."

जुन्या शेऱ्याखाली वेगळ्या शाईत ती ओळ आजही आहे. वरचा शेरा मात्र कोणी खोडलेला नाही.

मग तो खडीच्या ढिगाशी गेला. "बन्सी, त्या दिवशी तू बोलला का नाहीस?"

बन्सीने हातोडा खाली ठेवला नाही. "तुमी बोलाल म्हनून थांबलो हुतो."

"आज बोललो. वहीत लिहवून आलो."

"बरं केलं." दोन दगड फुटले. "तितं कोन हाय आता?"

"सूर्यभान."

"त्येला सांगा, पेटीजवळच्या खिडकीची कडी ढिली हाय. ओढून लावावी लागती."