शेजाऱ्याच्या खिशातल्या वह्या

मुलांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीने मला विचारलं, "आजी, तुझं गाव बंद होणार आहे का?" एखादं दुकान बंद होतं तसं. मी हसून विषय बदलला आणि कॉल संपल्यावर मला राग आला. तुमच्यावर नाही. हे वाक्य तुमच्या घरी जेवताना कुणीतरी बोललं असणार, आणि ते कोण हे मला ठाऊक आहे. त्याला मी शुद्धलेखन शिकवलंय. तुमच्या बाबाचं म्हणणं असं की इथला गॅस बंद करत आणला, कारखाने एकेक करून मिटले, घरांना भेगा पडल्या, त्यात हा कोविड. आता आईने तिथे एकटीने राहण्यात काय अर्थ आहे, सरळ मेलबर्नला यावं.

म्हणून हे आत्ताच लिहून ठेवते. तुम्ही मोठे होऊन विचाराल तेव्हा मी असेन नसेन, आणि तोवर 'उत्तरेकडचा तो भाग ना, बुडाला बिचारा' एवढीच गोष्ट शिल्लक राहिली असेल. बुडाला वगैरे काही नाही. मी इथे होते.

मराठीत लिहितेय, तेही मुद्दाम. इंग्रजी मला तुमच्या बाबापेक्षा चांगलं येतं. पुण्यात नन्सच्या शाळेत शिकले, कॉलेजात इंग्रजीच घेतलं, आणि बावीस वर्षं ते इंग्रजी दुसऱ्यांच्या साहेबांसाठी राबवलं. हे माझं आहे. अडलात तर मोठ्याने वाचा. कानावर पडलं की तुम्हाला कळतं.

नेदरलँड्समधले आपले पुण्या-मुंबईचे लोक बेस्टला, नीउ-व्हेनेपला, हेगला राहतात. मी ग्रोनिंगनच्याही पलीकडे राहते म्हटलं की ते "बापरे, एवढ्या लांब!" म्हणतात, जणू ट्रेनचे तीन तास म्हणजे सैबेरियाच. तुमचे आजोबा इथे आले ते गॅसमुळे. या बीट-बटाट्याच्या सपाट शेतांखाली गॅस सापडला, त्यावर साऱ्या देशाच्या चुली पेटल्या, आणि गॅस हाताशी म्हणून समुद्राकाठी कारखाने उभे राहिले. त्यातल्याच एका रसायनाच्या कारखान्यात आजोबा मोजमापाची उपकरणं सांभाळायचे आणि मी कार्यालयात होते. प्रत्येक पाळीचा अहवाल डचमध्ये यायचा, तो परदेशातल्या मालकांसाठी इंग्रजीत करायचा, हे माझं काम. अहवाल बहुतेक एका ओळीचा असे. 'काम सुरळीत.' मी ते सुबक टाइप करून, तारखेने लावून पाठवत असे. माझ्या फायलींचं उदाहरण दिलं जायचं, आणि मला त्याचा अभिमान होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग गॅस काढून काढून जमीन हलायला लागली. भूकंप म्हटलं की तुम्हाला मोठं काहीतरी वाटेल. इथे कपाटातले कप किणकिणतात आणि सकाळी भिंतीवर केसाएवढी रेघ दिसते. माझ्या स्वयंपाकघरात तीन भेगा आहेत. प्रत्येकीच्या टोकाशी मी पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख घालते, म्हणजे ती पुढे सरकली की कळतं. सरकारने गॅस थांबवायचं ठरवलं ते योग्यच होतं. त्यासाठीच्या मोर्चात मीही गेले होते, लोक मशाली घेऊन, मी छत्री घेऊन. पण नळ बंद करणाऱ्यांनी नळावर पोट असणाऱ्यांचं काय, ते नीट सांगितलं नाही.

आता शेजाऱ्याची गोष्ट. कुंपणापलीकडचा, तुम्हाला ट्रॅक्टरवर बसवणारा तो उंच माणूस आठवत असेल. तो आमच्याच कारखान्यात. वडिलांच्या शेतावरून सोळाव्या वर्षी तिथे गेला तो एकोणसाठीपर्यंत तिथेच, आणि शेवटी पाळीचा मुख्य. कोविडच्या दुसऱ्या वर्षी मालकांनी कारखाना बंद करायचं जाहीर केलं, तेही व्हिडिओवरून. बंदरावर समुद्रातल्या पवनचक्क्यांचं काम वाढत होतं, तिथे माणसं हवी होती. पण हाती प्रमाणपत्र हवं, आणि याच्याकडे कागद एकही नाही. अशा लोकांसाठी इथे एक सोय आहे: अनुभव लिहून दाखवायचा, परीक्षक तपासतात, पटलं तर प्रमाणपत्र देतात. त्याने अर्ज केला आणि तो परत आला.

पत्र घेऊन तो कुंपणापाशी उभा राहिला.

"शेजारीणबाई, तुम्हाला असले कागद कळतात."

"तुम्हाला वाचता येत नाही का?"

"वाचता येतं. त्यांना काय हवंय ते कळत नाही."

मी त्याने भरलेला अर्ज पाहिला. 'अडचणीच्या प्रसंगी तुम्ही स्वतः काय केलंत, उदाहरण द्या.' उत्तर: 'नेहमीचंच.' 'सहकाऱ्यांना मार्गदर्शन करता का?' उत्तर: 'लागलं तर.' 'तुमचं विशेष कौशल्य?' इथे एक शब्द लिहून खोडलेला, आणि पुढे 'नाही'.

"हे काय लिहिलंय?"

"खरं आहे ते."

"पुन्हा नापास झालात तर?"

त्याने टोपी काढून परत घातली. "अजून एकदा भरता येतो. मग नाही. मग घर विकून बहिणीकडे जाईन, दक्षिणेला. इथे बसून कारखान्याची चिमणी पाडताना बघणार नाही."

इथल्या माणसांची रीत सांगायला हवी. स्वतःबद्दल चांगलं बोलणं म्हणजे भर रस्त्यात दात घासण्यासारखं. दुसऱ्याबद्दलही बेतानेच. आम्ही नवे असताना मी गल्लीतल्या सगळ्यांना पुरणपोळ्या केल्या होत्या. प्रत्येकाने दोन-दोन खाल्ल्या, हात पुसले आणि म्हणाले, "याहून वाईट होऊ शकलं असतं." मी घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी आजोबा कारखान्यात विचारून आले. म्हणाले, "अगं वेडे, याच्यावर स्तुती नाही इथे." अशा माणसाला फॉर्म विचारतो, तुमचं विशेष कौशल्य काय?

मी ते काम हातात घेतलं आणि पहिल्यांदा चुकले. आपले पुण्याचे इंजिनिअर नोकरीसाठी लिहितात तसं तीन पानांचं चकचकीत लिहून दिलं: कुशल नेतृत्व, संकटात अढळ, निर्णयक्षम. त्याने अंगणात उभ्यानेच वाचलं.

"हा कोण माणूस आहे?"

"तुम्ही."

"भेटायला आवडेल मला याला," तो म्हणाला आणि कागद फाटकावर दगडाखाली ठेवून गेला. सही केली नाही. मला फार अपमान वाटला. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही, जे त्या लॉकडाऊनमध्ये म्हणजे कुणाशीच न बोलणं होतं.

तिसऱ्या दिवशी तो शेड आवरत होता. पेटवणाच्या टोपलीत त्याने एक खोकं उपडं केलं आणि बोटाएवढ्या जाडीच्या, तेलकट पुठ्ठ्याच्या छोट्या वह्या धडाधड पडल्या.

"ते काय?" मी राग विसरून विचारलं.

"पाळीच्या वह्या. चूल पेटवायला बऱ्या."

कारखान्यातली पद्धत अशी होती की पाळी बदलताना दोन्ही गट दहा मिनिटं कपडे बदलायच्या खोलीत कॉफी घेत बसत, आणि जाणारा येणाऱ्याला सगळं तोंडी सांगे. विसरू नये म्हणून प्रत्येकाच्या छातीच्या खिशात एक वही. अहवालाच्या कागदावर मात्र एकच ओळ जाई, कारण जे सांगायचं ते सांगून झालेलं असे.

मी कुंपणावरून हात लांब करून एक वही उचलली. पेन्सिलीचं अक्षर, अर्ध्या अर्ध्या ओळी. एक पान असं होतं: 'उणे चौदा. तिसरी झडप गोठली. नवीन दोघांना बाहेर पाठवलं. आत गेलो. पंचवीस मिनिटं. सुरू झालं. कॉफी.'

ती सकाळ मला आठवत होती. तळ्यांवर बर्फ होतं, मी सायकल ढकलत कामावर आले होते, आणि त्या पाळीचा अहवाल मीच इंग्रजीत केला होता: किरकोळ विलंब, काम सुरळीत. छान टाइप करून. त्या ओळीमागे एक माणूस, कधीही फुटू शकेल अशा रसायनाच्या नळीशेजारी, पंचवीस मिनिटं एकटा कसा उभा होता ते मी विचारलं नव्हतं. बावीस वर्षं मी 'सुरळीत' लिहीत गेले, आणि दूरदेशी बसलेल्यांना वाटत गेलं की इथे सगळं आपोआप चालतं. माणसं काय, कुठलीही चालतील. मुलांनो, माझ्या नीटनेटकेपणाची मला त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली.

"एक वही जाळलीत तर याद राखा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही माझ्या दारातल्या, गाडी लावायच्या गाडीवाटेवर बसलो. शिवणाच्या टेपने दीड मीटर मोजून दोन खुर्च्या मांडल्या, खाली खडूने खुणा केल्या. ज्याचा त्याचा थर्मास. माझ्या मांडीवर घोंगडी. तो वही वाचायचा, मी लिहायची. ज्याला स्वतःबद्दल बोलता येत नव्हतं, त्याला स्वतःचं अक्षर वाचायला मात्र काहीच अडचण नव्हती.

"आत का गेलात?"

"झडप आतच होती."

"तसं नाही. तुम्हीच का?"

"ते दोघे नवीन होते. एकाला घरी तान्हं मूल होतं."

"भीती वाटली?"

"पाय गार पडले होते."

मी लिहिलं: नवीन दोघांना बाहेर पाठवलं, स्वतः आत गेलो, पंचवीस मिनिटं. विशेषण एकही नाही. त्याने वाचलं, पेन मागितलं, ते आधी सॅनिटायझरने पुसलं आणि सही केली.

तपासणी व्हिडिओवर होती. त्याच्याकडे इंटरनेट धड नाही म्हणून माझ्या जेवणाच्या टेबलावर, खिडक्या सताड उघड्या ठेवून, आणि मी मास्क लावून स्वयंपाकघराच्या दारात. मी मधे बोलायचं नाही असं ठरलं होतं. पडद्यावर हेगहून एक तरुण परीक्षक बाई होत्या, सभ्य पण घाईत.

"स्वतःला दहापैकी किती गुण द्याल?"

"सहा."

मी दाराची चौकट धरली.

"फक्त सहा?"

"सहाला पास करतात," तो म्हणाला.

बाई काहीतरी टिपून घेऊ लागल्या. त्याच्या शेवटच्या संधीवर त्या सहाचा शिक्का बसताना मला दिसत होता. मी दिलेला शब्द मोडला. "वही वाचा! उणे चौदाची!"

"हा आवाज कुणाचा?" बाईंनी विचारलं.

"शेजारीणबाईंचा," तो म्हणाला. "त्या गप्प बसणार होत्या." मग त्याने खिशातून वही काढली आणि ते पान वाचलं, बाजाराची यादी वाचावी तसं. बाईंनी लिहिणं थांबवलं.

"पुन्हा वाचाल?"

त्याने पुन्हा वाचलं.

"ते दोघे नवीन आता कुठे आहेत?"

"एक माझा साहेब झाला. दुसरा माझी शिडी घेऊन जातो, परत आणत नाही."

बाई हसल्या, आणि पुढचा तासभर त्यांनी फॉर्म बाजूला ठेवून वह्यांवरच प्रश्न विचारले. शेवटी म्हणाल्या, "हे सगळं इतकं व्यवस्थित लावलंय कुणी?"

त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, "शेजारीणबाईंनी. याहून वाईट होऊ शकलं असतं."

मी चहा ठेवायला आत गेले.

प्रमाणपत्र आलं तोवर कारखान्याचा शेवटचा विभाग थंड झाला होता. शेजारी आता बंदरावर आहे. पवनचक्कीची पाती जिथे जहाजावर चढवतात तिथे तो पाळी सांभाळतो, आणि येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी छातीच्या खिशात ठेवायला एक वही देतो. त्याच्यामागून कारखान्यातले आणखी काहीजण माझ्या गाडीवाटेवर येऊन बसले. सगळे पास झाले नाहीत. एकाने आपल्या वह्या आधीच जाळल्या होत्या. त्याला मी काही देऊ शकले नाही, तो दक्षिणेला गेला. हे मी तुमच्यापासून लपवत नाही. एकदा 'सुरळीत' लिहून पाहिलंय.

तर बाबाला सांगा, मी मेलबर्नला येईन, सीमा उघडल्या की सहा आठवड्यांसाठी, परतीच्या तिकिटासकट. मला कुणी इथून वाचवायची गरज नाही. या मातीने देशाला ऊब दिली, आणि बदल्यात तिला सांगण्यात आलं की तू आता संपलीस. ते ठरवणारे कधी या कुंपणापाशी उभे राहिलेले नाहीत.

कारखान्याची चिमणी पाडली. गॅसचा नळ बंद होत आलाय. तिसरी भेग वर्षभरात पेन्सिलीच्या रेघेपुढे गेलेली नाही. रोज सकाळी सव्वासहाला शेजाऱ्याच्या फाटकाचा आवाज येतो आणि तो सायकल घेऊन कामाला जातो. त्याच्या वह्या माझ्या कपाटात आहेत, एकूणएक, वर्षवार लावलेल्या.