दानम्माक्कांची वॉर्सातली येळवस

राजशेखर राजदूत झाला, हे सोलापूरच्या भवानी पेठेला राजशेखरच्या आधी कळलं. चौकात फ्लेक्स लागला. मध्यभागी राजशेखरचा बारावीतला फोटो, भोवती मंडळाच्या चौदा कार्यकर्त्यांचे त्याहून मोठे फोटो, आणि वर ठळक अक्षरांत ‘पोलंड देशाचे राजदूत म्हणून निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. खरं म्हणजे पोरगं परराष्ट्र खात्यात साहाय्यक. दिल्लीत सात वर्षं फायली हलवल्यावर त्याची वॉर्साच्या आपल्या वकिलातीत तीन वर्षांसाठी बदली झाली होती, आणि तिथंही तो फायलीच हलवणार होता. मी शाळेत चौतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. चुकीची नोंद मला सहन होत नाही. मी त्याच्या आईला, दानम्माक्कांना, सांगितलं की हे खोटं आहे, काढायला लावा. त्या म्हणाल्या, “पावसानं फाटंल की आपोआप. तवर ऱ्हाऊ द्या.”

दानम्माक्का माझ्या शेजारीण. नवरा, गुरुलिंगप्पा, जाऊन आठ वर्षं झाली. पुढच्या खोलीत चार बाया हाताशी घेऊन त्या ज्वारीच्या कडक भाकरी करून विकतात. माझं लग्न राहून गेलं, त्यामुळं माझं दोन वेळचं ताट वीस वर्षं त्यांच्याच घरातून येतं. बदल्यात मी त्यांचे अर्ज लिहितो आणि बोलणी खातो. त्यांच्या दारावरून कुणी उपाशी गेलेलं त्यांना चालत नाही. मीटर बघायला आलेला माणूस आधी जेवतो, मग मीटर बघतो. एका कुरिअरवाल्यानं एकदा घाई आहे म्हटलं, तर त्याच्या गाडीची किल्ली काढून घेऊन त्याला पाटावर बसवलं होतं.

राजशेखर दिल्लीत एका खोलीत राहायचा, म्हणून सून चंद्रिका आणि सात वर्षांची नात शांभवी दानम्माक्कांकडेच असायच्या. शांभवी म्हणजे चालू राहिलेला नळ. घरात कानडी, गल्लीत मराठी, आणि कुणीच नसलं तर मांजराशी दोन्ही. रोज भाकऱ्या संपत आल्या की शेवटच्या पिठाची तळहाताएवढी छोटी भाकरी, चानकी, तिच्यासाठी व्हायची. ती झोपाळ्यावर बसून चानकी खायची आणि मला प्रश्न विचारायची. मी वैतागायचो. आता कबूल करतो, तेवढाही वैतागत नव्हतो.

सप्टेंबरच्या अखेरीस सगळे निघाले. घर लावून द्यायला म्हणून तीन महिन्यांच्या व्हिसावर दानम्माक्काही. सामानात कपडे थोडे. बाकी ज्वारीचं पीठ, बाजरीचं पीठ, शेंगाचटणी आणि दोन चादरी. निघताना राजशेखरनं आईला समोर बसवून समज दिली. “अव्वा, तितं आपण म्हंजे देश असतो. आपलं काय चुकलं तर लोक राजशेखर चुकला म्हणत न्हाईत, भारत चुकला म्हणतात.” दानम्माक्कांनी विचारलं, “मग भारत आल्या-गेल्याला जेवू घालतो का न्हाय?” त्याबद्दल खात्याचा काही नियम राजशेखरला आठवला नाही.

पुढचं मला रोजच्या व्हिडिओ कॉलवरून कळत गेलं, आणि दानम्माक्कांनी परत आल्यावर तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा थोडं वेगळं सांगितलं. जिथं फरक पडला तिथं मी चंद्रिकाचं खरं धरलंय.

घर चौथ्या मजल्यावर होतं. लोक दारं लावून राहतात आणि जिन्यात भेटले तरी जेवलात का म्हणून विचारत नाहीत, ही पहिली तक्रार. कपडे धुवायचं मशीन स्वयंपाकघरात, ही दुसरी. तिसऱ्या आठवड्यात मात्र त्यांना तो देश एकदम पसंत पडला. भिंतीला लोखंडी पट्ट्या असतात, त्यांतून गरम पाणी फिरतं आणि खोली उबदार राहते. दानम्माक्कांनी त्यावर भाकऱ्या उभ्या करून ठेवल्या, तर संध्याकाळपर्यंत कडकडीत. फोन भिंतीकडे वळवून त्यांनी मला ती रांग दाखवली. म्हणाल्या, सरकारनं भाकरीची सोय भिंतीतच करून ठिवलीय, हुशार माणसं हायत. घरी वकिलातीतले साहेब चहाला आले, तेव्हा राजशेखरनं धावत जाऊन भिंतीवरून एकोणीस भाकऱ्या उतरवल्या. साहेबांनी त्यातल्या दोन मागून घेतल्या, हे तो सांगत नाही.

सगळ्यांचं बस्तान बसत होतं. शांभवीचं बसेना.

घराजवळच्या शाळेत तिला घातलं होतं आणि तिथं सगळं पोलिश भाषेत. पहिल्या दिवसापासून पोरीनं तोंड मिटलं ते मिटलंच. दोन महिने झाले, वर्गात एक शब्द नाही. डबा खायची, चित्रं काढायची, घरी यायची. घरातही आवाज बारीक झाला. माझ्याशी फोनवर मान हलवून बोलायची. बाईंनी चिठ्ठ्या पाठवल्या. चंद्रिका रडायला लागली. शेवटी ठरलं: नाताळच्या सुट्टीपर्यंत पोर बोलली नाही, तर अज्जीबरोबर तिला सोलापूरला पाठवायचं. आईबाप तीन वर्षं तिकडं, लेकरू इकडं. एकवीस डिसेंबरची दोन तिकिटं काढून ठेवली.

दानम्माक्कांनी मला हे अगदी जड आवाजात सांगितलं. आईपासून लेकरू तोडायचं म्हंजे लई वंगाळ, म्हणाल्या. आणि त्याच फोनवर, त्याच जड आवाजात, शाळेतून प्रवेशाचा फॉर्म आणून ठेवा आणि झोपाळ्याच्या कड्यांना तेल घाला, असंही सांगितलं. तेव्हा मी काय समजायचं ते समजलो. बाईला नात परत हवी होती. मी फॉर्म आणला. कड्यांना तेल दोनदा घातलं, कारण मलाही हवी होती.

आता येळवसेचं सांगतो. मार्गशीर्षातली अमावस्या ही आमच्या भागात वेळ अमावस्या, बोलताना येळवस. त्या दिवशी सगळं घर शेतात जेवतं. शेंगा, पालेभाज्या, कडधान्यं एकत्र शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यात आंबवलेली आंबील. पाच दगड मांडून त्यांना चुना लावायचा, पूजा करायची, आंबील शिंपडत शेताला फेरी मारायची. मग वाटेनं जो दिसेल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. शेत नसलेला माणूस कुणाच्याही शेतात जातो. त्या दिवशी शेत कुणाचं हे विचारत नाहीत. दानम्माक्कांचं शेत वागदरीजवळ. बेचाळीस वर्षांत त्यांची एक येळवस चुकली नव्हती. गुरुलिंगप्पा गेले त्या वर्षीसुद्धा त्या डोळे पुसत उंडे घेऊन गेल्या होत्या.

यंदा येळवस आली एकोणीस डिसेंबरला, शुक्रवारी. तोच शाळेचा शेवटचा दिवस. दुपारी राजशेखर आणि चंद्रिका शांभवीचा दाखला काढायला शाळेत गेले. अज्जी आणि नात घरी.

घराच्या खिडकीतून रस्त्यापलीकडं जमिनीचे छोटे छोटे तुकडे दिसायचे. प्रत्येक तुकड्याला कुंपण आणि प्रत्येकात एक लाकडी खोपटं. ही शहरातल्या लोकांची हौसेची बाग असते, खाजगी असते, तिथं जायचं नाही, हे राजशेखरनं आईला दोनदा समजावलं होतं. दानम्माक्कांचं म्हणणं एवढंच, की राखणीची कोपी हाय म्हंजे शेत हाय. त्यांनी नातीला कोट चढवला, स्वतः नऊवारीवर राजशेखरचा कोट चढवला, डबे आणि चादर घेतली आणि रस्ता ओलांडला. जे पहिलं फाटक उघडं दिसलं ते त्यांचं शेत झालं.

जमिनीवर बर्फाचा पातळ थर होता. सफरचंदाच्या निष्पर्ण झाडाखाली त्यांनी सोलापुरी चादर अंथरली. पाच दगड शोधले. चुना नव्हता, म्हणून राजशेखरची टूथपेस्ट आणली होती, ती लावली. पूजा झाली. वाफ्यांना आंबील शिंपडत फेरी झाली. मग वाटेवर उभ्या राहून त्यांनी हाका सुरू केल्या. कुत्रं घेऊन चाललेली एक बाई हाक ऐकून चालायची ती पळायला लागली.

तेवढ्यात शेताचा मालक आला. उंच म्हातारा, हातात बर्फ ओढायचं फावडं. त्यानं चादर बघितली, दगड बघितले, आपल्या वाफ्यांवर ओतलेलं पांढरं पाणी बघितलं आणि आवाज चढवला. दानम्माक्कांनी त्याला बसायची खूण केली. त्यानं आणखी आवाज चढवला. त्यांनी उंडा पुढं केला. त्यानं खिशातून फोन काढला आणि जो शब्द उच्चारला, तो पोलीस या शब्दाच्या इतका जवळचा होता की दानम्माक्कांना समजला.

“बोलवा की,” त्या म्हणाल्या. “त्येबी जेवत्याल.”

पण मला त्यांनी एकदाच, पुन्हा न सांगण्याच्या बोलीवर, सांगितलं की तेव्हा त्या घाबरल्या होत्या. पोराची नोकरी डोळ्यांपुढं आली. आता भारत चुकला म्हणत्यात, असं वाटलं, आणि त्या माणसाला समजेल असा एक शब्द त्यांच्याजवळ नव्हता. बेचाळीस वर्षांत त्यांच्या ताटाला नाही म्हणणारा माणूस भेटला नव्हता.

त्यांच्या पदराआड शांभवी उभी होती. तिनं वर अज्जीच्या तोंडाकडं बघितलं. मग पदर सोडून ती पुढं झाली आणि त्या उंच माणसाशी त्याच्या भाषेत बोलायला लागली. अडखळत, शब्द शोधत, पण मोठ्यानं. चंद्रिकानं नंतर तिच्याकडून विचारून घेतलं, ते बोलणं असं होतं:

“ही माझी अज्जी आहे. तिचं शेत लांब आहे, विमानानं जावं लागतं. आज शेतात जेवायचं असतं. जो दिसेल त्याला जेवायला घालायचं असतं. तुम्ही दिसलात. बसा.”

आणि तिनं आपली चानकी त्याच्या हातात दिली.

म्हातारा चानकीकडं बघत राहिला. त्यानं काहीतरी विचारलं. शांभवीनं उत्तर दिलं. त्यानं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा दिलं, आणि या वेळी तिचा एक हात कमरेवर होता. दानम्माक्कांना शब्द एकही कळला नाही. पण नळ सुटल्याचा आवाज त्यांना कुठल्याही भाषेत ओळखता आला असता. म्हाताऱ्यानं फोन खिशात ठेवला, फावडं झाडाला टेकवलं आणि खोपट्यातून बाक काढून आणला.

राजशेखर आणि चंद्रिका दाखला घेऊन परत आले, तर घराला कुलूप. जिन्यातल्या खिडकीतून दिसलं ते शोधत राजशेखर टाय सावरत फाटकाशी पोचला, तेव्हा आत सातजण जेवत होते. त्यात ती कुत्र्याची बाई होती. म्हाताऱ्यानं आपल्या घरच्या खारवलेल्या काकड्यांची बरणी मध्ये ठेवली होती. शांभवी एका बाईला पोलिशमध्ये दटावत होती, की उंडा चाकूनं कापायचा नसतो, हातानं कुस्करायचा असतो.

राजशेखरला आधी म्हाताऱ्याची माफी मागावी की लेकीला उचलून घ्यावं हे कळेना. त्यानं माफी मागितली, सरकारी माणूस. मग लेकीला विचारलं की एवढं येत होतं, तर शाळेत का बोलली नाहीस. ती म्हणाली, “शाळेत सगळ्यांनाच येतं की. अज्जीला येत नव्हतं.”

दाखला राजशेखरच्या खिशात होता, तिकिटं काढलेली होती. चंद्रिका सासूकडं बघत होती. दानम्माक्का तेव्हा म्हणाल्या असत्या की एका दिवसानं काय होतंय, पोरीला मी नेते, तर त्या दोघांनी ऐकलं असतं. इतके ते दमलेले होते. दानम्माक्कांनी रिकामे डबे एकात एक बसवले. “यक तिकीट फाडा,” त्या म्हणाल्या. “आन दाखला बाईस्नी परत द्या.”

मंगळवारी मी स्टेशनवर गेलो. त्या एकट्या उतरल्या. रिक्षात बसल्यापासून बोलायला सुरुवात केली, ती सगळी येळवस घर येईपर्यंत सांगून झाली. हसत हसत सांगितली. चौकात फ्लेक्स पावसानं फाटला होता. राजदूत गेला होता, चौदा कार्यकर्ते शाबूत होते. दाराशी त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “मीच तिला बोलती केली, सिद्धारामण्णा. आन मीच रिकामी आले.” माझ्या खिशात प्रवेशाचा फॉर्म होता. मी तो बाहेर काढला नाही.

दुसऱ्या दिवशी भाकऱ्यांचा शेवट आला. मी ताट घेऊन बसलो होतो. परातीत थोडं पीठ उरलं, आणि त्यांच्या हातांनी सवयीनं ते थापलं. तळहाताएवढी चानकी तव्यावर टम्म फुगली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी झोपाळ्याकडं बघितलं. मग ती उचलून माझ्या ताटात टाकली.

मी त्रेसष्ट वर्षांचा माणूस. निमूट खाल्ली. तिसऱ्या दिवशी त्यांनी उरलेलं पीठ डब्यात परत टाकायला घेतलं, तेव्हा माझी चानकी कुठं आहे म्हणून मी आवाज चढवला.

“व्हय व्हय, करते की,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा परातीपुढं बसल्या.