फॉरमॅट करू का?

मी पदवीधर झालो तो देवणीच्या सुमनआत्यामुळे. तिचे गेलेले यजमान गवळणी म्हणत. त्यांचा आवाज एका जुन्या एमपीथ्री प्लेअरमध्येच उरला होता, आणि तो प्लेअरच बंद पडला. मी तो लातूरच्या ओळखीच्या मेकॅनिककडे नेला. वायर जोडण्याआधी तो प्रत्येकाला विचारतो, "यात गेलेलं माणूस हाय का?"

"हाव," मी म्हणालो.

प्लेअरची वायर कॉम्प्युटरला जोडताच पडद्यावर प्रश्न आला: फॉरमॅट करू का?

त्याने माउस सोडून दोन्ही हात काखेत दाबले. "हा नवा कॉम्प्युटर जुन्याला वळखत न्हाई. हाव म्हटलं की सगळं पुसतंय. मी न्हाई दाबत, सर."

प्लेअरसोबत मी आत्याला चिठ्ठी पाठवली: "आत्या, आवाज आतच आहे. वाजत नाही, पण आम्ही पुसलाही नाही. कुणी दुरुस्त करतो म्हणालं, तरी देऊ नकोस."