आईचं नाव असलेली फाइल

गेल्या महिन्यात एका रविवारी आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर एकदाची नवीन सिस्टीम टाकली. बाबांशी कितीतरी महिने वाद घालून... "चालतंय ना? मग कशाला खाजवून खरूज काढतेस?" हे त्यांचं एकच पालुपद.

जुन्या सिस्टीमचे अपडेट बंद झालेले, बँकेची साइट उघडेना, आणि मशीन सुरू होईपर्यंत माझा अख्खा चहा पिऊन व्हायचा. मी तशी तापट. पण बाबा का अडून बसलेत ते मला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे ओरडताही येत नव्हतं.

सांगते. गिरगावातल्या आमच्या वाडीत कोणी गेलं की त्याची सूचना बाबा टाइप करतात. रिटायर झाल्यापासून हे काम त्यांच्याकडेच. फाइल एकच... जुन्या मराठी फॉन्टमधली. आधीच्या माणसाचं नाव पुसायचं, नवीन लिहायचं, अंत्ययात्रेची वेळ बदलायची, प्रिंट काढून गेटजवळच्या फळ्यावर चिकटवायची. वेगळी कॉपी ठेवायची वगैरे भानगड नाही.

गेल्या वर्षी आई गेली. तिची सूचनाही बाबांनीच टाइप केली, आम्ही नको नको म्हणत असताना. त्यानंतर मात्र ती फाइल त्यांनी कुणासाठीच उघडली नाही. पुढचं नाव लिहायचं म्हणजे आईचं पुसायचं ना... वाडीतली दोन माणसं गेली, दोन्ही वेळेला "प्रिंटर बिघडलाय" म्हणाले. लोक काय ते समजले आणि फळ्यावर खडूने लिहायला लागले.

तर, "सगळं पेन ड्राइव्हवर घेतलंय हो, फाइलला काही होत नाही" असं शंभरदा सांगितल्यावर स्वारी तयार झाली. दुपारपर्यंत काम झालं, मशीन झकास पळायला लागलं. मी ऐटीत म्हटलं, बसा आता. बाबांनी बाकी काही बघितलं नाही. थेट ती फाइल उघडली.

आणि पानभर नुसता कचरा. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, डॉलरची चिन्हं... नवीन सिस्टीममध्ये तो जुना फॉन्टच नव्हता. आईच्या नावाच्या जागी काहीतरी भलतंच. बाबा चष्मा पुसत बसले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

फॉन्ट जुन्या डिस्कमध्ये सापडला. तो टाकला आणि 'सौ. मालती...' ही ओळ परत दिसली, तेव्हा मीच हमसून हमसून रडले. बाबा एवढंच म्हणाले, "आता याला हात लावू नकोस हं परत."

त्याच आठवड्यात, बुधवारी सकाळी सुमनमावशी गेली. समोरच्या खोलीतली, आईची जिवाभावाची मैत्रीण. आईच्या आजारपणात रोज मऊ भात घेऊन यायची, आईला भरवल्याशिवाय स्वतः जेवायची नाही. आई गेल्यावर मी तिच्याच कुशीत रडले होते.

तिचा मुलगा महेश आमच्या दारात आला आणि बाबांना बघून घुटमळला. "काका... खडू आहे का? फळ्यावर लिहायचंय."

"खडू कशाला? बस इथं. मी करतो."

मी घाईघाईने म्हटलं, "बाबा, एक मिनिट थांबा. मी कॉपी करून देते. आईची तशीच राहील."

"नको. तुझ्या आईच्या आधी तिथं कामत होते. त्यांचं पुसूनच तिचं लिहिलं ना मी? त्यांच्या पोरांनी मागितली का कॉपी? सगळ्यांना एकच पान, बाई."

आणि ते मागून पुसायला लागले. त्या फॉन्टमध्ये अक्षर एका दमात जात नाही. आधी वेलांटी जाते, मग काना, मग उरलेलं अर्धं अक्षर... आडनाव गेलं. मग 'वसंत', म्हणजे बाबांचं स्वतःचं नाव. मग मालती. मी खिडकीकडे तोंड केलं, पण बॅकस्पेसचा आवाज येतच होता.

तो थांबला म्हणून वळून बघितलं. ओळीवर फक्त 'सौ.' राहिलं होतं. सुमनमावशीचे यजमान केव्हाच गेलेले, तिच्या नावाआधी 'श्रीमती' लिहायला हवं होतं. बाबा त्या एका अक्षराकडे बघत बसले होते.

"हे तेवढं माझ्यामुळे होतं गं," असं म्हणाले आणि तेही पुसलं.

महेशने वाकून त्यांना नमस्कार केला. त्याचा बांध तिथेच फुटला. प्रिंट घेऊन बाबा स्वतः खाली गेले आणि चारही कोपऱ्यांना सेलोटेप लावून सूचना नीट चिकटवून आले. वर येऊन घोटभर पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "उद्यापासून रोज थोडा वेळ माझ्याजवळ बसत जा. या फॉन्टची बटणं शिकून घे. पुढचं नाव मलाच टाइप करता येईल असं नाही."

"काहीतरीच काय बोलता!" मी खेकसले. पण दुसऱ्या दिवशी खुर्ची ओढून बसले.

तेव्हापासून रोज बसतोय आम्ही दोघं. बाबा करवादतात, "एवढं शिकलीस, नोकरी करतेस, आणि साधी बटणं लक्षात राहत नाहीत?"

खरं सांगू... येतात मला आता सगळी. मुद्दाम चुकते.