दडवून वाळवलेल्या चोळ्या

वास माणसाचा की कापडाचा, हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारलाच नव्हता. उत्तर मात्र सर्वांनी परस्पर ठरवून टाकले होते.

नागपूरच्या कॉलेजात रसायनशास्त्राचा अभ्यास करीत असताना मी उन्हाळ्याच्या सुटीत आमगावला आले. स्टेशनावर छकडा घेऊन आलेला दादा वाटभर धानाविषयी बोलला आणि आपल्या नव्या बायकोविषयी एक अक्षरही बोलला नाही. घरी पोचल्यावर मायने पाण्याचा तांब्या हाती देता देताच ते मौन उलगडले.

"पोरगी गुणाची आहे, कामाची आहे. पण तिच्या आंगाले वास येते. रोज न्हाते, धुतलेलं नेसते, तरी येते. देवाचा सैपाक तिच्या हातानं कसा करू देऊ, सांग?"

वहिनीला स्वयंपाकघराबाहेर काढण्यात आले होते. शेण, गोठा, अंगण एवढेच तिचे राज्य. उकाड्याचे निमित्त करून दादा ओसरीवर झोपू लागला होता. अक्षय्य तृतीया झाली की तिच्या वडिलांनी देवरीकडून यावे, तिला घेऊन जावे, वैद्याला दाखवावे आणि 'बरी झाली की' आणून सोडावे, असे ठरले होते. असे माहेरी गेलेल्या आणि पुन्हा न परतलेल्या सुना आमच्या तालुक्यात कमी नव्हत्या. वहिनीला हे ठाऊक होते. ती बोलत नसे; बेसन आणि रिठा लावून अंग घासत असे. तिच्या मानेवर आणि दंडांवर कातडी सोलून लाल झाली होती.

मला दया आली, हे खरे. परंतु त्याहून आधी कुतूहल वाटले. मी दोन दिवस नुसते निरीक्षण केले. सकाळी न्हाणीतून बाहेर येऊन वहिनी माझ्या शेजारून जाई, तेव्हा रिठ्याखेरीज कसलाही वास नसे. दुपारी ती गोठा झाडून येई, तेव्हा शिळ्या लोण्यासारखा आंबूस दर्प येई आणि त्याच्या कडेला कांद्याची झाक. घाम तर आम्हा सर्वांनाच येत होता. चैत्रातल्या आमगावात घाम न येणारा माणूस दाखवा! मग ताज्या घामाला इतक्या लवकर असा जुना वास का यावा? हे जुनेपण कोठून तरी आणलेले असले पाहिजे.

"वहिनी, तुमची एक धुतलेली चोळी द्या," मी म्हणाले.

"कायले, बाई?"

"हुंगायची आहे."

ती गालात हसून म्हणाली, "तुमी कॉलेजात बेडूक कापता म्हणतेत. संपले का बेडूक?"

चोळी मात्र तिने दिली. कोरडी असताना तिला काही वास नव्हता. ती उकडत्या धानाच्या वाफेवर धरून पाहिली, पण धानाचा वासच इतका दाट की बाकी काही कळेना. दुसऱ्या दिवशी मी न्हाणीतल्या तापल्या पाण्याच्या हंड्यावर, नुसत्या पाण्याच्या वाफेवर ती धरली. काखेच्या जागी कापड ओलसर झाले आणि तो दर्प तत्काळ जागा झाला. पाठोपाठ माझे एक झंपर धरले. फक्त गरम सुताचा वास. वहिनीच्या लुगड्याचा पदर धरला, तेच.

मी वहिनीला हाक मारून चोळी तिच्या नाकाशी नेली. तिने तोंड फिरवले.

"हंड्यावर कोण बसलं आहे, वहिनी?"

"कोणी नाई."

"मग हा वास कोणाच्या अंगाचा?"

ती न्हाणीच्या दगडावर खाली बसली. "म्हणजे हे माहं आंग नोहे?" असे तिने विचारले, आणि मग आपल्या सोललेल्या दंडावरून नुसता हात फिरवीत राहिली.

तथापि एवढ्याने प्रश्न अर्धाच सुटला होता. पाणी एकाच विहिरीचे, साबण एकाच वडीचा, आपटण्याचा दगडही एकच. मग हे वहिनीच्याच चोळ्यांना का व्हावे? एका चोळीचा प्रवास धुण्यापासून घालण्यापर्यंत डोळ्यांनी पाहावा असे मी ठरवले, आणि तो पाहिल्यावर उत्तर शोधावेच लागले नाही.

सुनेची चोळी सासऱ्याच्या नजरेस पडू नये, अशी आमच्याकडची रीत. मायचे कपडे परसात वाळत. ती घरची मालकीण. माझे कपडेही तेथेच वाळत. मी घरची लेक. वहिनीच्या चोळ्या मात्र धानाच्या कणगीमागच्या अंधाऱ्या खोलीत बांबूवर पडत आणि वरून त्यांच्यावर ओले लुगडे पसरले जाई, म्हणजे चुकून कोणी डोकावले तरी लुगडेच दिसावे. त्या खोलीला खिडकी नव्हती. बाहेर दगड तापून फुटत असताना तेथे चोळी दुसऱ्या दिवसापर्यंत दमट राही. कधी वहिनी ती तशीच अंगात घाली. दुसऱ्या महायुद्धामुळे साबण दुर्मीळ, म्हणून तो जपून लावलेला. अंगाचे तेल सुतात राहून जाई, ओल मिळे, अंधार मिळे. दह्याला विरजण लावून उबेत ठेवावे तसे हे चालले होते. वाळल्यावर ते निद्रिस्त होई आणि अंगाची ऊब मिळताच पुन्हा जागे होई.

अनुमान झाले, पडताळा हवा होता. मी माझी दोन झंपरे त्याच खोलीत, त्याच लुगड्याखाली वाळवू लागले आणि तीच आलटून पालटून घालू लागले. आठवड्याच्या आतच पाट मांडताना माय माझ्याजवळ आली, थबकली आणि तिने कपाळावर हात मारला.

"लागला! तुलेही लागला! मी म्हणत नोहती?"

"माय, हाच तर पुरावा आहे. माझं झंपर तिथं वाळलं म्हणून—"

"तिच्या संगतीत बसून राहिली दिवसभर, मंग काय होईन? तुह्या बापाले सांगतो, याह्याले, तिच्या बापाले, आजच निरोप धाडा म्हणून."

प्रयोगाचा निष्कर्ष अचूक आला होता. फक्त पाहणाऱ्याच्या मनात दुसराच सिद्धांत तयार होता. अक्षय्य तृतीयेपर्यंतची मुदतही त्यात गेली. पुढच्या बाजारच्या दिवशी वहिनीचे वडील येणार, असे ठरले.

आता कारण सांगत बसण्यात अर्थ नव्हता. वास काढून दाखवणे भाग होते. साबण वाढवून पाहिला, तर आमच्या विहिरीच्या जड पाण्यात त्याचा नुसता पांढरा साका झाला आणि सुतात चिकटून बसला. मग खार. तेलाला खार लागला की त्याचाच साबण होतो, हे मी परीक्षेत सविस्तर लिहिले होते. घरात खार एकच, तो म्हणजे पापडखार. बरणीतला मूठभर पापडखार कढत पाण्यात टाकून मी वहिनीची माहेरची लाल चोळी उकळली. पाणी सुंदर लाल झाले.

वहिनीने चोळी उचलून उन्हाकडे धरली, मग नाकाशी नेली. "रंग गेला, बाई. वास आहे अजून थोडा." आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की मायला बाहेर यावे लागले. तिने आधी बरणीत पाहिले.

"पापडखार कोठं गेला? पापड आता काय तुह्या चोळ्याईचे लाटू?"

उरलेल्या चोळ्यांना मी कोमट पाणी दिले, खार कमी केला आणि वेळ वाढवला. रात्रभर भिजत ठेवून सकाळी काखा चोळायच्या, भरपूर पाण्याने खळबळायच्या, शेवटच्या पाण्यात लिंबू पिळायचे, म्हणजे उरलेला खार मरतो आणि हात चुरचुरत नाहीत. त्यानंतर लागणार होते ऊन, आणि ऊन होते परसात. परसातच विहीर, आणि विहिरीवर बाबांचे दिवसातून अनेकदा जाणे-येणे.

बाबा फार बोलत नसत, आणि सुनेशी तर मुळीच नाही. मी ओसरीवर जाऊन सरळ सांगितले, "बाबा, वहिनीच्या चोळ्या परसात उन्हात वाळवायच्या आहेत. त्या वेळी तुम्ही तिकडे येऊ नका."

त्यांनी सुपारी कातरायची थांबवली. "काऊन?"

मी कारण सांगितले: खोली, ओल, लुगडे, वाफ. ऐकून घेऊन ते म्हणाले, "आन् एवढ्यासाठी याह्याले बलावून राहिले तुमी?" मग पुन्हा अडकित्ता चालू झाला. "घाला उन्हात. मी खाकरून येत जाईन."

बाजारच्या दिवशी वहिनीचे वडील बैलगाडी घेऊन आले. त्यांनी गाडीत मुलीसाठी पेंढा अंथरून आणला होता, वर सतरंजी घातली होती. तेवढे पाहूनच वहिनी घरात गेली ती कणगीमागे जाऊन उभी राहिली. माय बोचके बांधायला लागली. मी मायला हात धरून न्हाणीत नेले. हंड्याखाली जाळ होता.

मायचे नाक साधे नव्हे. तुपातली भेसळ ती बरणीचे झाकण काढताच सांगे. गवळी तिला टाळत. त्या नाकावरच माझी भिस्त होती. तिला पाठ करून बसवले आणि एकेक कापड वाफेवर धरून मागून तिच्या नाकाशी नेले. एक तिची स्वतःची चोळी, एक वहिनीची, एक माझे झंपर. कोणते कोणाचे ते सांगितले नाही.

पहिल्याला ती म्हणाली, "याले काई नाई." दुसऱ्याला थोडी थांबली, पुन्हा हुंगले. "यालेही नाई. लिंबाचा येते थोडा." तिसरे जवळ येताच तिने मान मागे घेतली. "हे! हेच तिचं. काढ परतं!"

"वळून पाहा, माय."

तिने वळून पाहिले. माझ्या हातात माझे निळ्या ठिपक्यांचे झंपर होते, अंधाऱ्या खोलीत वाळवलेले आणि खार न लावलेले. लिंबाचा वास येणारी चोळी वहिनीची होती.

मायने झंपर घेतले, स्वतः वाफेवर धरले, हुंगले. चोळी घेतली, धरली, हुंगली. माझ्या सांगण्यावर तिने विश्वास ठेवला नाही. तिने प्रयोग पुन्हा करून पाहिला. तेव्हा मला तिच्याविषयी जो आदर वाटला, तो पूर्वी कधी वाटला नव्हता. मग ती उठली, कणगीपाशी गेली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "सूनबाई, काऊन उभी आहेस तेथं? बाप उपाशी बसला आहे ना तुहा. भात टाक."

वहिनी स्वयंपाकघरात शिरली. माझे झंपर मायने दोन बोटांत धरून मला परत दिले. "आन् हे धुऊन टाक. शिकली म्हणून काय वास मारत फिरशीन?"

पंगतीला वहिनीच्या हातचे जेवून व्याही ओसरीवर टेकले. घरात काय घडले होते, ते त्यांना पुरते कोणीच सांगितले नव्हते. मुलीने वाढले आणि तिला न्यायचे नाही, एवढे मात्र कळले होते आणि तेवढे त्यांना पुरे होते. परसात वहिनीच्या चोळ्या वाळत होत्या. इतक्यात बाबा उठून तिकडे निघाले आणि दाराशी जाऊन मोठ्याने खाकरले. आत वहिनीच्या बांगड्या वाजल्या. बाबा पुन्हा खाकरले आणि मग विहिरीकडे गेले.

व्याह्यांना काळजी वाटली. परतल्यावर त्यांनी विचारले, "याही, खोकला लई दिवसांचा आहे का?"

"नाई, नवीन आहे," बाबा म्हणाले. "पण आता राहीन."

उन्हे कलल्यावर गाडी निघाली. अंथरलेल्या सतरंजीवर मायने दिलेली पापडांची टोपली ठेवली होती. त्यात पापडखार थोडा कमी पडला होता.